आकुवीआत्याची शिकवणी

आकुवी लोमेच्या मोठ्या बाजारात कापड विकायची आणि तिचा धाकटा भाऊ आगबेको सरहद्दीपलीकडे, घानातल्या आफ्लाओ गावात, गाड्यांची पंक्चरं काढायचा. दोघांच्या घरांत पायी तासाभराचेही अंतर नव्हते. मधे एक फाटक होते आणि दोन देशांचे शिपाई. भावाच्या बाजूला शाळेत इंग्रजी शिकवत, बहिणीच्या बाजूला फ्रेंच. चुलीपाशी मात्र दोन्हीकडे एवे भाषाच चाले, आणि शिपाईसुद्धा तीच बोलत.

वीस वर्षे आकुवी प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक मयताला माहेरी येत होती आणि दर खेपेला सांगत होती की, तिकडे राहून राहून तिला आता स्वप्नेसुद्धा फ्रेंचमध्ये पडतात. ती हे इतके ठासून सांगे की भावाला ते खरे वाटले. पुढचे सगळे त्यातून घडले.

एका रविवारी आगबेको मुलीला, केकेलीला, पत्र्याच्या पेटीसकट घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. आकुवीने पाणी दिले, पाणी पिऊन झाले, खुशाली विचारून झाली, मग त्याने विषय काढला. केकेलीची फ्रेंचची तोंडी परीक्षा बारा दिवसांवर आली होती. लेखी तिला चांगले येई, वह्या भरलेल्या होत्या. पण शाळेतल्या सराव परीक्षेत बाईंनी नाव विचारले तर पोरगी नऊ मिनिटे छताच्या पंख्याकडे बघत बसली. फ्रेंचची शिक्षिका व्हायचे तिने लहानपणापासून मनात धरले होते. तोंडीत गेली तर शिक्षकांच्या कॉलेजात जागा मिळणार नव्हती, आणि दुसरे काही करायचे तिच्या मनात नव्हते.

"ताई, बारा दिवस ठेवून घे हिला," आगबेको म्हणाला. "तुझ्याकडं तर भांडीसुद्धा फ्रेंचमध्ये आपटत असतील."

आता खरे काय ते सांगायला हवे. आकुवीला फ्रेंचचे चाळीसेक शब्द येत होते आणि ते सगळे कापडाचे होते. रंग, वार, धुतलं तरी उडत नाही, तू माझी बहीण, शेवटचा भाव, घेऊन जा. त्यापलीकडे झाकली मूठ. तिचा नवरा मेसां बंदरावरच्या कचेरीतून निवृत्त झालेला, रोज फ्रेंच वर्तमानपत्र वाचणारा. त्याला भाषा उत्तम येत होती, पण तीस वर्षांच्या संसारात बोलण्याची पाळी त्याच्यावर फारशी आली नव्हती, त्यामुळे सवय गेली होती.

भावापुढे मान खाली घालणे आकुवीच्या रक्तात नव्हते. ती पदर खोचल्यासारखी कमरेचे फडके आवळत म्हणाली, "उद्यापासून या घरात एवे बंद. तोंड उघडायचं तर फ्रेंचमध्ये. नाहीतर मिटून बसायचं. मी असो की हे असोत."

आगबेको समाधानाने निघाला. तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, तेव्हा आकुवीच्या ध्यानात आले की आपण स्वतःचेच तोंड शिवून घेतले आहे.

सकाळी अंगणातल्या नळावर पहिली पंचाईत झाली. त्या अंगणाभोवती चार बिऱ्हाडे होती आणि सकाळची विचारपूस हा तिथला मोठा धर्म होता. रात्र कशी गेली, घर कसे आहे, नवरा कसा आहे, मुले कशी आहेत, माहेरचे कसे आहेत. एकीने विचारायचे, दुसरीने उत्तर देऊन उलट विचारायचे. पाव तास त्यात जाई. आकुवीच्या तोंडी अर्धा तास जाई, कारण ती शेळ्यांचीही चौकशी करी. शेजारीण डोसी बादली ठेवून, किंचित वाकून म्हणाली, "रात्र बरी गेली ना गं?"

केकेली वही घेऊन मागेच उभी होती. आकुवीने बादली नळाखालून ओढली. "बोंजूर," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

डोसी वाकलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डोसीने झाकणाच्या भांड्यातून माशाची आमटी पाठवली, सुतक पडलेल्या घरी पाठवतात तशी. आकुवीने भांडे घेतले, "मेर्सी" म्हटले आणि दार लोटले. खरे कारण सांगावे तर आपल्याला फ्रेंच बोलता येत नाही हेही सांगावे लागणार, आणि डोसीला सांगितलेले संध्याकाळपर्यंत आफ्लाओला पोचते हे तिला माहीत होते.

अंगणात बायकांनी डोकी एकत्र केली. सुतक नसावे, कारण रडणे ऐकू आले नव्हते. आजार नसावा, कारण बाई दोन बादल्या उचलत होती. मग एकीने सांगितले की मेसांला तिने ओट्यावर वर्तमानपत्र वाचताना पाहिले आणि तो चक्क हसत होता.

"बायको मुकी झालीय आणि हा हसतोय," डोसी म्हणाली. "यात काय ते समजा."

सगळ्यांनी समजून घेतले. मेसांने दुसरी बाई केली होती, हे चौथ्या दिवशी नळावर नक्की झाले. पाचव्या दिवशी तिचे गाव ठरले.

इकडे घरात केकेलीचे फ्रेंच होते तिथेच होते. आत्या बोलत नव्हती. आतोबा विचारलेल्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" देत आणि पुन्हा वाचायला लागत. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र अशी शांतता पसरली होती की जणू तीर्थाला जाऊन आले आहेत. पाचव्या दिवशी कंटाळून ती आत्याच्या मागे बाजारात गेली.

आणि तिथे तिने वेगळीच बाई पाहिली. आकुवीने गठ्ठा सोडला, दोन वार कापड हातात घेऊन हवेत असे झटकले की चाबूक वाजावा तसा आवाज झाला, आणि रस्त्याने चाललेली नायजरची एक व्यापारीण वळली. तिला एवे येत नव्हते. मग ते चाळीस शब्द सुटले. आकुवी छातीला हात लावी, आकाशाकडे बघे, रंगाची शपथ घेई. भाव ऐकून गिऱ्हाईक हसली, हातवाऱ्यांनी मुलाबाळांची चौकशी झाली, भाव उतरला, गिऱ्हाईक पुन्हा हसली आणि सरळ उठून चालू लागली. केकेलीला वाटले, गेली. आकुवी मात्र बोटांवर मोजत होती. पाच झाल्यावर तिने मागून हाक मारली, "ये गं माझ्या बहिणी, शेवटचा भाव सांगते." व्यापारीण परत आली आणि गठ्ठा घेऊन गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर आकुवी ओशाळून भाचीकडे वळली आणि नियम मोडून हळू आवाजात एवेमध्ये म्हणाली, "एवढंच आहे गं माझं. बापाला सांगू नकोस."

केकेली आत्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आत्या, माझ्याकडं हजार शब्द आहेत आणि एक बाहेर येत नाही. तुझ्याकडं चाळीस आहेत आणि बाई गठ्ठा घेऊन गेली. हे मला शिकव."

त्या दिवसापासून ती दुकानावर बसू लागली. आधी गिऱ्हाईक झाली, मग दुकानदार. फ्रेंच बोलायला तिला भीती वाटे, पण घासाघीस करायला वाटेना, आणि घासाघीस करता करता बोलणे होऊन जाई. घरी मात्र मौन चालूच राहिले, कारण आगबेको दर दोन दिवसांनी येऊन दाराशी कान लावून जात होता. आत काहीच ऐकू येत नाही म्हणजे अभ्यास जोरात आहे, असे त्याचे मत झाले होते.

नवव्या दिवशी दुपारी मेसांचा थोरला भाऊ टेटे दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. नवराबायकोचा तंटा मिटवायचा तर बायकोच्या माहेरचे माणूस हवे, म्हणून त्याने आगबेकोलाही बोलावून आणले होते. अंगणात बाकडी मांडली गेली. आकुवीने सगळ्यांना पाणी दिले, मुकाट्याने. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

टेटेने घसा साफ केला. "आकुवी, आम्ही तुझे लोक आहोत. यानं काय केलं ते मोकळेपणानं सांग."

आकुवीने भावाकडे पाहिले. एवे बोलावे तर त्याच्यासमोर घातलेला नियम मोडतो, न बोलावे तर नवऱ्यावर बालंट येते. शेवटी ती उठली, छातीला हात लावला आणि जे येत होते ते फ्रेंचमध्ये बोलली. सगळे कापडाबद्दल होते. पण आवाज असा भरून आला होता की डोसीने डोळे पुसले.

म्हाताऱ्यांपैकी एकालाही ते समजले नाही आणि एकानेही तसे कबूल केले नाही. टेटे मान डोलावत केकेलीला म्हणाला, "पोरी, आम्हाला समजलंच. पण तुझ्या बापासाठी म्हणून एवेत सांग."

केकेलीने आत्याकडे पाहिले. आत्याचे डोळे गयावया करत होते. "आत्या म्हणतात," ती सावकाश म्हणाली, "की आतोबा भले गृहस्थ आहेत. त्यांनी काही केलेलं नाही. कुणी मधे पडायचं कारण नाही."

"बघा, अजून त्यालाच सांभाळतेय," डोसी म्हणाली.

तेव्हा मेसां उभा राहिला. नियमाला तोच काय तो प्रामाणिक होता. कचेरीत अहवाल द्यावा तसे त्याने शुद्ध, लांबलचक फ्रेंचमध्ये निवेदन सुरू केले. तीस वर्षांचे साठलेले होते. केकेलीला ते वाक्यामागून वाक्य उलगडून सांगावे लागले, मधे न समजलेले त्यालाच फ्रेंचमध्ये विचारावे लागले, आणि इतकी माणसे बघत असताना आपण विचारतो आहोत हे तिच्या लक्षातही आले नाही.

"थोडक्यात," ती शेवटी म्हणाली, "आतोबांची कसलीही तक्रार नाही. गेले नऊ दिवस फार चांगले गेले, असं म्हणतात."

"तक्रार नसेलच," टेटे कडक आवाजात म्हणाला. "बायको वाचा गमावून बसली, आणि याचे दिवस चांगले गेले."

निकाल लागायला वेळ लागला नाही. ज्या बाईला आपले दुःख आपल्या भाषेत सांगवत नाही, तिच्या नवऱ्याचा गुन्हा सिद्धच आहे. मेसांने सगळ्यांदेखत बायकोला एक कोंबडी द्यावी आणि म्हाताऱ्यांना ताडीची बाटली. मेसांने फ्रेंचमध्ये "बरं" म्हटले. आगबेको जाताना बहिणीच्या कानाशी लागला. "भांडण असूनसुद्धा फ्रेंच सोडलं नाहीस, ताई. धन्य आहे तुझी."

बाराव्या दिवशी आकुवी दुकान बंद ठेवून भाचीबरोबर आफ्लाओच्या शाळेत गेली. डोक्यावर गठ्ठा होताच. त्याशिवाय तिला चालता येत नसे. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली पालक बसले होते, त्यांच्यात आगबेकोही होता. आत राजधानीहून आलेल्या परीक्षक बाई होत्या, जाड चष्म्याच्या, कधी हसल्या असतील असे न वाटणाऱ्या. त्यांनी केकेलीला नाव विचारले.

केकेलीने पंख्याकडे पाहिले.

आगबेकोने डोळे मिटून घेतले. आकुवीच्या ओठांवर हाक आली. पण खिडकीतून एक शब्द आत गेला तर पोरीची परीक्षाच रद्द होणार, हे तिला कळत होते. उभे राहवेना म्हणून तिने बसायला गठ्ठ्यातले कापड काढले आणि सवयीने हवेत झटकले. चाबूक वाजावा तसा आवाज झाला.

आत केकेलीची नजर पंख्यावरून खाली आली. "बोंजूर, माझ्या बहिणी," ती परीक्षक बाईंना म्हणाली, आणि नाव, गाव, बापाचा धंदा, सगळे एका दमात सांगून मोकळी झाली.

बाईंनी चष्मा वर केला आणि पुढची चिठ्ठी उघडली. बाई चपलांच्या दुकानदार, विद्यार्थिनी गिऱ्हाईक. चपला विकत घ्यायच्या. बाईंनी भाव सांगितला. केकेली हसली. तिने बाईंच्या मुलाबाळांची चौकशी केली, प्रवास कसा झाला विचारले, चपलेच्या तळव्याबद्दल शंका काढली आणि भाव अर्ध्यावर आणला. बाई अडून बसल्या. केकेली उठली, नमस्कार केला आणि दार उघडून चक्क बाहेर चालू लागली.

"संपलं," आगबेको म्हणाला. "पोरगी परीक्षा सोडून चालली."

"गप्प बस," आकुवी म्हणाली, आणि ते एवेमध्ये म्हणाली हे तिच्याही ध्यानात आले नाही. ती बोटांवर मोजत होती. एक, दोन, तीन, चार.

पाचला आतून परीक्षक बाईंची फ्रेंचमध्ये हाक आली. "ये गं माझ्या बहिणी, शेवटचा भाव सांगते."

त्यातला शब्द न् शब्द आकुवीला समजला.

निकाल लागला तेव्हा तोंडी परीक्षेत केकेली शाळेत पहिली होती. आगबेको पेढे वाटावेत तशा तळलेल्या पिठाच्या गोळ्या घेऊन बहिणीकडे आला. अंगणातल्या चारही बिऱ्हाडांत वाटून झाल्यावर त्याने सांगितले की त्याच्या आळीतल्या तिघांना पुढच्या वर्षी आपापल्या मुली आकुवीताईकडे शिकायला पाठवायच्या आहेत.

आकुवीने कपाळाला हात लावला. "नको रे बाबा. बारा दिवसांत माझा घसा गंजला. डोसीशी सगळं बोलून काढायला मला महिना लागला. त्यातून परत पंचायत बसायची आणि यांच्यावर दंड यायचा. बिचाऱ्यांना उगाच त्रास."

ओट्यावर मेसांने वर्तमानपत्र खाली केले. पंचायतीचा दिवस सोडला तर कित्येक वर्षांत त्याने संभाषणात आपणहून तोंड घातले नव्हते, म्हणून सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"येऊ देत पोरींना," तो म्हणाला. "बारा दिवस कमी पडतात, महिनाभर ठेवू. कोंबड्या मी पाळल्यात."