कप्पा क्रमांक सतरा

उत्तर न दिलेल्या पत्राइतकं शिस्तीचं सामान घरात दुसरं नसतं. ते खायला मागत नाही, आवाज करत नाही, ठेवाल तिथे राहतं आणि रोज थोडं थोडं जड होत जातं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या शशिधर मोहिल्यांकडे असं एक पत्र चार महिने होतं.

पत्र लंडनच्या ईलिंगहून आलेलं, सुभाष खानोलकरांचं. वर 'श्री' नव्हता, म्हणजे पहिली ओळ वाचायच्या आधीच कळायचं ते कळलं. मजकूर थोडा होता:

"शशी, नंदा बारा फेब्रुवारीला गेली. मंडळाला त्याच दिवशी कळवलं होतं. तू आला नाहीस. तुला कळलंच नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. कळूनही आला नसशील, तर काही लिहू नकोस. मी समजेन."

जुन्या रीतीप्रमाणे असं पत्र वाचून लगेच फाडायचं असतं. पण शशिधररावांची एकतीस वर्षं कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकांना क्रमांक चिकटवण्यात गेली होती. कागद फाडणं त्यांना जमलं नाही. उत्तर लिहिणंही जमलं नाही. (जे जमत नाही त्यांची त्यांच्याकडे क्रमवार यादी आहे, ही दोन कामं तिच्यात फार खाली येतात.)

अडचण अशी, की सुभाषने दोनच पर्याय दिले होते. शशिधररावांचं प्रकरण दोन्हींत बसत नव्हतं. त्यांना कळलं नव्हतं, हे खरं. पण कळू नये अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच, नियमानुसार आणि सर्वानुमते, करून घेतली होती.

ती व्यवस्था समजून घेणं इष्ट ठरेल.

गोलचक्कर मराठी मंडळ, मिल्टन कीन्स (नावावरून तीन सभा झाल्या, गावात गोलचक्करं आहेत एवढ्यावरच एकमत झालं) दर शुक्रवारी सभासदांना एक ई-पत्र पाठवत असे. चिटणीस शशिधरराव. त्यांना हे पद मिळालं कारण सभेत 'कोण घेणार?' असं विचारल्यावर सगळे खाली बघू लागले आणि शशिधरराव त्याआधीच खाली बघत असल्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

ई-पत्रात सगळं एकत्र असे. बारसं, पासपोर्टची नवी फी, कोजागरी, कोणाचं तरी निधन, झुम्बा. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत मृणालताई उभ्या राहिल्या.

"अहो शशिधरकाका, शुक्रवारी सकाळी ट्रेनमध्ये बसून फोन उघडावा, तर पहिल्यांदा कोणीतरी गेलेलंच असतं. सगळा वीकेंड स्पॉइल होतो. मला फक्त हळदीकुंकू पाठवा ना."

"मला क्रिकेट," मागून कोणीतरी म्हणालं.

"आम्हाला काहीच नको," आणखी मागून आवाज आला, "पण मेंबरशिप राहू दे."

तेव्हा वेद उठला. वेद इथेच जन्मलेला, चौतिशीतला, सॉफ्टवेअरमधला आणि अत्यंत उपकारी. उपकारी माणसाच्या हातात संगणक असला की संस्थेचं भवितव्य ठरतं.

"सोप्पा आहे, काका. प्रत्येक माणूसला त्याचा चॉइस द्यायचा. ज्याला जो बातमी पाहिजे, तोच बातमी जाणार. यू जस्ट टिक."

ठराव संमत झाला. बातम्यांचं वर्गीकरण करण्याचं काम शशिधररावांकडे आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की जगाला त्यांची गरज आहे. सहा आठवडे राबून त्यांनी एक्केचाळीस कप्पे तयार केले. कप्पा ४, 'उपास (करणाऱ्यांसाठी)'. कप्पा ५, 'उपास (फक्त पदार्थांसाठी)'. कप्पा ११, 'भारतातून येणारे पाहुणे: आपले'. कप्पा १२, 'भारतातून येणारे पाहुणे: दुसऱ्यांचे, पण राहणार आपल्याकडे'. आणि कप्पा १७, 'दुःखद वार्ता'.

वेदने त्यात आपल्याकडून एक सोय घातली. प्रत्येक बातमीचा सूर निवडता येईल: स्पष्ट, मध्यम किंवा सौम्य. काहीच न निवडल्यास सौम्य. बातम्या सभासदांनीच फॉर्ममध्ये भरायच्या, पुढचं यंत्र बघेल. चिटणिसांनी वाचण्याचीसुद्धा गरज उरली नाही. ही सुधारणा शशिधररावांनी स्वतः सुचवली होती.

सहा महिन्यांनी अहवाल सादर झाला तो असा. एकूण सभासद दोनशे चौदा. 'दिवाळी फराळाची ऑर्डर' सुरू ठेवणारे दोनशे चौदा. 'सभासदांची मांजरं व कुत्री' सुरू ठेवणारे दोनशे नऊ. 'वार्षिक सभेची सूचना' सुरू ठेवणारा एक, त्यामुळे त्या वर्षीचे सर्व ठराव विनाविरोध मंजूर झाले. 'दुःखद वार्ता' सुरू ठेवणारे पाच. समाधानाचं प्रमाण शंभर टक्के. (असमाधान कळवण्याचा कप्पा एक सोडून सर्वांनी बंद केला होता, आणि त्या एकाची तक्रार नव्हती.)

मंडळात त्यानंतर कोणी मेलं नाही. लोक म्हणू लागले, इकडची हवा मानवते.

आपल्या लोकांत एक रीत आहे. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट पाहू नये. पहिलं घडवायला पत्रिका छापतात. दुसरं घडायला फक्त कळावं लागतं. सहा वर्षांपूर्वी शशिधररावांची पत्नी, द्रौपदी, गेली तेव्हा आधी फोन कोणाला करावा याचा ते नेहमीप्रमाणे विचार करत बसले होते. विचार पुरा व्हायच्या आत दोन गल्ल्या पलीकडून सुभाष आणि नंदावहिनी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात उभे होते. सुभाषने फोन केले. वहिनी तेरा दिवस स्वयंपाकघरात होत्या. पुढे ती दोघं मुलाजवळ ईलिंगला राहायला गेली, पण मंडळाचं सभासदत्व त्यांनी सोडलं नाही.

म्हणून वहिनी गेल्यावर सुभाषने कोणाला फोन केला नाही. मंडळाचा फॉर्म भरला आणि दार उघडं ठेवलं. या देशात मयतालाही अपॉइंटमेंट लागते. वहिनींना एकोणिसाव्या दिवशीची मिळाली. म्हणजे कळायला एकोणीस दिवस होते, आणि मिल्टन कीन्स ते ईलिंग हे अंतर गाडीने दीड तासाचं.

बातमी पाचजणांना गेली. त्यांतला एक अंत्यविधीच्या आगाऊ योजना विकतो. एक मृत्युपत्रं करून देणारा वकील. दोघांना सतरापुढची खूण काढून टाकायला जमलं नव्हतं. त्यांना सौम्य सुरात कळवण्यात आलं की 'सौ. खानोलकर यांनी पत्ता बदलला आहे', आणि त्यांपैकी एकाने नव्या घराबद्दल अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. पाचवा स्वतः सुभाष. त्याने एक्केचाळीसही कप्पे चालू ठेवले होते, महिलांच्या झुम्बासकट. आपली बायको गेल्याचं त्याला मंडळाकडून रीतसर कळलं.

विधीला योजना विकणारा आला होता. तो मनापासून रडला, असं म्हणतात.

हे सगळं शशिधररावांनी चिटणिसाच्या अधिकारात तक्त्यावरून काढलं, पत्र आल्यावर. मग उत्तराचे मसुदे सुरू झाले. पहिल्यात दोष टपालखात्याला दिला होता. दुसऱ्यात गुडघ्याला. तिसरा मसुदा 'तांत्रिक कारणास्तव' या शब्दांनी सुरू होऊन तिथेच संपला. आठव्यात त्यांनी सुभाषलाच हळुवार विचारलं होतं, की एक फोन का नाही केलास? तो वाचून त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते दोन दिवस आरशाशिवाय दाढी करत होते. (गालावर ओरखडे उमटले होते. शेजाऱ्यांनी मांजराबद्दल चौकशी केली.)

जुलैत त्यांनी वेदला घरी बोलावलं. पुरावा मिळाला तर बरं, असं त्यांच्या मनात होतं.

"वेद, माझ्या नावापुढची सतराची खूण... ती यंत्राने आपोआप गेली असेल का रे? चुकून?"

वेदने लॅपटॉप उघडला. "नाही काका. लॉग आहे ना. तुमच्या अकाउंटवरून सेव्हंटीन ऑफ केला. पहिल्या दिवशी, नऊ वाजून दोन मिनिटांनी."

"आणि फॉर्म केव्हा सुरू झाला?"

"नऊला."

शशिधररावांनी चहाचा कप बशीत ठेवला. "म्हणजे मीच पहिला."

"येस! अर्ली अडॉप्टर!" वेद कौतुकाने म्हणाला. मग काकांचा चेहरा बघून थांबला. "का ऑफ केला पण, काका?"

"वयाला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली रे. त्या कप्प्यातली नावं माझ्या ओळखीची व्हायला लागली होती." कप बशीत सरळ करत ते म्हणाले, "द्रौपदी गेल्यावर पुन्हा तसं काही वाचायचं नव्हतं. मी भित्रा आहे, वेद. भित्र्या माणसाने एक्केचाळीस कप्पे केले, ते त्यातला एक बंद करायला."

वेदने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "सुभाषकाकांना हेच सांगा ना. दॅट्स द आन्सर."

"तो संतापेल."

"मे बी. पण आत्ता त्यांना वाटतंय की तुम्ही कळूनपण आला नाय. चार महिने तुम्ही त्यांना तेच सांगतायत, रोज."

शशिधररावांनी एकतीस वर्षं पुस्तकं लावली, पण न लिहिलेलं पत्रही पोचतं हे त्यांना कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले. कप्पे नाहीत, सूर नाहीत. वर 'श्री' घालावा की नाही यावर अर्धा तास गेला. मग घातला नाही. एक पान झालं. खाडाखोड सात ठिकाणी. पुन्हा उतरवून काढायचा मोह झाला, पण सुंदर अक्षरात उतरवलं तर तो बारावा मसुदा होईल आणि तेराव्यालाही वाट मोकळी होईल, हे ते जाणून होते. पाकिटाला फर्स्ट क्लासचं तिकीट लावून, घरच्या चपलांतच, ते कोपऱ्यावरच्या पेटीशी गेले. पाकीट अर्धं आत घालून त्यांनी थोडा वेळ धरून ठेवलं. कुत्रं फिरवणारी एक बाई मागे येऊन अदबीने थांबली, पत्र टाकायला रांग आहे असं समजून. तिचा खोळंबा नको, म्हणून त्यांनी हात सोडला.

पत्रात काय लिहिलं होतं, ते वाचकांना जाणून घ्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ते पान इथे द्यायचंच होतं. परंतु आपण हा मजकूर 'हलकंफुलकं' या कप्प्यातून घेतला असून सतरापुढे आपली खूण आढळत नाही, सबब ते गाळण्यात आलं आहे. आपण अशी खूण कधी काढलीच नाही, असं आपलं म्हणणं असेल, तर गेल्या वर्षात आपल्या ओळखीचं कोण कोण गेलं ते बोटांवर मोजून पाहावं. बोटं उरली, तर इतक्यात आनंद मानू नये; काहींची बातमी आपल्यापर्यंत आलीच नसेल. पत्र मात्र पोस्टात पडलं आहे. सौम्य सुरात आपल्याला एवढंच कळवता येतं.