बर्फगाडीचे सेहेचाळीस बोल्ट

फेब्रुवारीतल्या, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धात भर उन्हाळ्यातल्या, एका दुपारी आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात एकेचाळीस डिग्री तापमान होतं, आणि शेजारचे साठे ड्राइव्हवेवर लोकरीचे जाड हातमोजे घालून उभे होते. अंगात बनियन, खाली हाफ पँट, गळ्यात स्टॉपवॉच. दोन्ही हात मोज्यांसकट एस्कीतल्या, म्हणजे सहलीला नेतात त्या थंड पेटीतल्या, बर्फात मनगटाच्या वरपर्यंत बुडवलेले. समोर एक बर्फगाडी: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, बसायला मोटरसायकलसारखी सीट.

मला पाहताच ते म्हणाले, "कुलकर्णी, बरे आलात. हे स्टॉपवॉच घ्या, वेळ मोजा."

त्यांनी हात बाहेर काढले, त्याच ओल्या मोज्यांनी बोल्टची किल्ली धरली आणि गाडीच्या बाजूचं पॅनेल उघडलं.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मी सांगितलं.

"फार झाली," असं म्हणून त्यांनी हात पुन्हा बर्फात घातले.

मी या रस्त्यावर अकरा वर्षं राहतो आहे. या काळात इथे बर्फ शून्य वेळा पडला आहे. पण साठ्यांना 'का' असं विचारण्यात अर्थ नसतो. ते 'कसं' याचं उत्तर देतात आणि त्याला चाळीस मिनिटं लागतात.

साठे मूळचे पिंपरीचे. डँडेनाँगला बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात फोरमन. त्यांचं जगात एकाच वस्तूशी वैर आहे, ती म्हणजे रिव्हेट. दोन पत्रे जोडायला रिव्हेट ठोकली की काम दहा सेकंदांत होतं. पण ती पुन्हा काढायची तर ड्रिलने फोडूनच काढावी लागते. साठे म्हणतात, "रिव्हेट मारणारा माणूस पुढच्या माणसाचा विचार करत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आठवड्यातून सरासरी तीनदा ऐकतो.

यावर त्यांचा उपाय ठरलेला. जुनी रिव्हेट फोडायची, भोक थोडं मोठं करायचं आणि त्यात आतून आटे असलेली एक बोटभराहून लहान नळी बसवायची. हत्याराने दाबली की ती पत्र्यामागे फुगून घट्ट बसते. मग त्यात बोल्ट पिळा, काढा, हजारदा पिळा. साठे तिला नुसतं 'इन्सर्ट' म्हणतात, आणि ते अशा सुरात, जसे काही लोक 'आमचे गुरुजी' म्हणतात.

त्यांच्या घरात आता रिव्हेट उरलेली नाही. टपालपेटी, शेगडीमागचा पत्रा, कुत्रा नसताना घेतलेलं कुत्र्याचं घर, सगळं बोल्टवर. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या नेलपॉलिशचा ठिपका आणि तिथून पत्र्यावर उतरलेली एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला असं समजायचं. नेलपॉलिश वृंदावहिनींचं. त्या म्हणतात, "पिवळं मी कधी लावलं नाही. दुकानातली बाई मला दर वेळी विचारते, नवीन फॅशन का?" आमच्याकडे जेवायला आले तेव्हा साठ्यांनी बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाहिली. बसले, पण कडेला.

ती वर्षं विद्यार्थ्यांची होती. पुण्याहून, हैदराबादहून, पंजाबातून मुलं येत होती आणि आमच्या भागात ज्याच्या घरी जास्तीची खोली होती त्याच्याकडे एखादा विद्यार्थी होताच. आमच्याकडे इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करणारी एक मुलगी भाड्याने राहायची. तिला मी कौतुकाने साठ्यांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "रिव्हेट म्हणजे काय?"

"पर्मनंट फास्टनर, अंकल."

"पर्मनंट? कुणी सांगितलं?"

"युनिमध्ये शिकवतात."

"मग फी परत मागा," साठे म्हणाले.

विनोद सोडला तर युनिव्हर्सिटीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी ऋचा तिसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडून बाहेर पडली होती. जग इथे शिकायला येत होतं आणि साठ्यांची मुलगी डोंगरावरच्या स्की रिसॉर्टवर बचाव पथकात नोकरीला लागली, घसरून हातपाय मोडलेल्या लोकांना बर्फातून खाली आणायला. त्या दिवशी साठे तिला काय म्हणाले ते मी कुंपणापलीकडून ऐकलं आहे आणि इथे लिहिणार नाही. त्यानंतर तीन वर्षं बापलेक बोलले नाहीत. कुणी विचारलं तर साठे सांगत, "बाहेरगावी असते."

बर्फगाडीचा उलगडा वृंदावहिनींनी माझ्या बायकोपाशी केला. वहिनी ऋचाशी दर रविवारी फोनवर बोलत. मागच्या हिवाळ्यात ऋचाची गाडी डोंगरावर बंद पडली. इंजिनाजवळचा आतला पट्टा तुटला होता. तो बदलायला पाच मिनिटं लागतात, पण त्यापुढचं पॅनेल रिव्हेटींनी ठोकलेलं. जखमी माणूस स्ट्रेचरवर आणि ऋचा एकटी, दोन तास, दुसरी गाडी वर येईपर्यंत. वहिनींनी हे जेवताना सांगितलं. साठे पानावरून उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "ती गाडी उन्हाळ्यात माझ्या कारखान्याशेजारच्या गॅरेजवर पाठवायला सांग. तुझ्या ओळखीतला कुणीतरी आहे म्हण. माझं नाव नको."

गाडी आली. साठ्यांनी ती घरी आणली, गाडीभरच्या सेहेचाळीस रिव्हेटी फोडल्या आणि सेहेचाळीस इन्सर्ट बसवले; त्यांतले पट्ट्यापुढच्या पॅनेलला आठच. पुढच्या वेळी पोरगी बर्फात अडकली तर थिजलेल्या हातांनी तिला तो पत्रा उघडता यावा, एवढ्यासाठी हा माणूस भर उन्हाळ्यात एस्कीत हात घालून उभा होता. मार्चच्या शेवटी त्यांची वेळ एक मिनिट दहा सेकंदांवर आली. गाडी परत गेली.

जूनमध्ये डोंगरावर बर्फ पडला. जुलैत मी त्यांची शिडी परत करायला गेलो असताना वहिनींचा फोन वाजला. पलीकडे ऋचा होती. रविवार नसल्यामुळे वहिनी घाबरल्या आणि त्यांचं बोट स्पीकरवर पडलं.

"बाबा आहे का तिथे?"

वहिनींनी फोन साठ्यांपुढे धरला. साठे उभे राहिले.

"बाबा, तुझे ते ॲलन बोल्ट. त्यांच्या डोक्यातल्या खड्ड्यात बर्फ भरतो. दाबून बसतो आणि मग नुसता ice. किल्ली आत जातच नाही."

साठ्यांनी थंडी तपासली होती, मोजे तपासले होते. पण आयुष्यात बर्फ पडताना पाहिला नव्हता. एस्कीतला बर्फ बोल्टच्या खड्ड्यात जाऊन बसत नाही.

"मग कसं उघडलंस?" त्यांनी विचारलं.

"थर्मासमधला चहा ओतला."

"साखरेचा?"

"हो."

"गंज चढेल."

"बाबा!"

"माझे बोल्ट आहेत हे कुणी सांगितलं?"

"पिवळा ठिपका बाबा, come on."

मग साठे म्हणाले, "इन्सर्ट तेच राहतील. वरचे बोल्ट फक्त बदलायचे. षट्कोनी डोक्याचे, बाहेरून पाना लागेल असे. मी घेऊन येतो." आणि परवानगी मागितल्यासारखं, "येऊ का?"

"शनिवारी मी ड्युटीवर आहे. शेडमध्ये असेन."

शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं, साडेचार तास. निघताना त्यांच्या डब्यातले बोल्ट मी मोजले, सवयीने. सेहेचाळीस.

ऋचा लाल जाकिटात शेडच्या दारात उभी होती. "आलास?"

"रस्ता चांगला आहे," साठे म्हणाले.

ते गाडीपाशी गुडघ्यांवर बसले. ती समोर बसली. "पाना." "हा घे." "हा नाही, दहाचा." "हा दहाचाच आहे, बाबा." "बरं." एक बोल्ट काढायचा, एक घालायचा, ठिपका लावायचा. मध्येच तिने काढून ठेवलेला पट्टा दाखवला आणि तो कसा बदलतात ते सांगितलं. साठ्यांनी दोनदा सांगायला लावलं. त्यांच्या हाताला हे काम अर्ध्या तासाचं. साडेतीन तास झाले.

मग साठ्यांनी डबा उपडा करून दाखवला. रिकामा. "सहा कमी पडले. जुने सहा राहू देत तोवर, खालच्या कडेचे आहेत, तिथे हात घालायला लागत नाही. पुढच्या शनिवारी यावं लागेल."

ऋचाने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुम्ही मोजले असतील ना?"

माझ्या मोजणीत चूक काढलेली मला आवडत नाही. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

"घाईत मोजले," मी म्हणालो.

"मग शनिवारी लवकर या," ती म्हणाली. "नऊनंतर बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावायला लावतात. आणि बाबा, आईलाही आण."

आम्ही निघालो. उतारावर प्रत्येक वळणाला साठ्यांच्या कोटाच्या खिशात सहा बोल्ट वाजत होते. मी रेडिओ लावला.