ठरवून नापास होणारे टिपणीसकाका

टिपणीसकाका गेली काही सेमिस्टर एकाच विषयात नापास होत आहेत, आणि तेही ठरवून. ज्या माणसाने उभ्या हयातीत ओहायोतल्या लोकांची हृदयं दुरुस्त केली, तो कम्युनिटी कॉलेजातल्या 'इंट्रो टू फिलॉसॉफी'त, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अगदी बालवाडीत, गटांगळ्या खातो यावर ओहायोतल्याच आमच्या डब्लिन गावात कोणी विश्वास ठेवत नाही.

मी त्यांची शेजारीण. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी फ्रीवेवर गाडी चालवणं सोडलं आणि त्यांना कॉलेजला नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी घरून काम करते, म्हणजे रिकामीच असते, असा सगळ्यांचा समज आहे.

"कसे आहात काका?" असं विचारण्याची सोय उरलेली नाही. "कसे म्हणजे? व्याख्या कर," असं उत्तर येतं. एकदा देसी दुकानात मालक बिचारा सहज म्हणाला, भेंडी ताजी आहे. "तुला कसं ठाऊक? सिद्ध कर!" मागे रांग खोळंबलेली. त्याने निमूटपणे एका भेंडीचं टोक मोडून दाखवलं. काका म्हणाले, "ही ताजी होती. बाकीच्यांचं काय?" मालक म्हणाला, "बरोबर आहे अंकल." काकांनी भेंडी तिथेच ठेवली आणि हिरमुसून बाहेर आले.

गणपतीच्या मीटिंगमध्ये तर कहरच झाला. काका म्हणाले, "यंदा उकडीचे मोदक ओव्हनमध्ये भाजू." आम्ही सगळे म्हणालो, "हो काका, छान आयडिया!" एवढ्या मोठ्या डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? तेव्हा आम्ही ते खरंच भाजले. त्यातला एक फरशीवर पडला तर फरशीची काळजी वाटली. सगळ्यांनी तो प्रसाद गोड मानून चघळला, आणि वर काकांना सांगितलं, "मस्त झालेत!" काका एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

कॉलेजात मात्र त्यांची कळी खुलते. पहिल्या बाकावर बसतात, डब्यातून चिवडा वाटतात आणि भांडतात. वर्गातली जास्मिन नावाची मुलगी, वय त्यांच्या नातीएवढं, एकदा भर वर्गात म्हणाली, "नो ऑफेन्स डॉक्टर, बट यू आर टोटली राँग." हे काकांनी मला गाडीत परत परत सांगितलं, एखादं पदक मिळाल्यासारखं.

सेमिस्टर संपताना शेवटचा निबंध ते द्यायचेच नाहीत. पास झालं की तो कोर्स पुन्हा घेता येत नाही ना! मी म्हटलं, "काका, पुढचा कोर्स घ्या की." "तो ऑनलाइन आहे. सगळे म्यूटवर!"

पण यंदा कॉलेजने कळवलं की नापास होण्याचीही मर्यादा असते. आता पास व्हा नाहीतर नापास, पुन्हा प्रवेश नाही. काल शेवटचा तास होता. काका रिकामा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

"निबंध दिला?" मी विचारलं.

"दिला. आता नापास होऊन काय करू?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिल्पा, मालूने माझं एकही वाक्य कधी धड जाऊ दिलं नाही. मी म्हणायचो, आज गारठा आहे. की लगेच, काहीतरीच तुमचं! ती गेली आणि मी एकदम सगळ्या बाबतीत बरोबर ठरायला लागलो. निखिल अल्फारेटाहून फोन करतो, शुअर डॅड, शुअर डॅड. अगं, मी मोदक भाजायला सांगितले! मोदक! एकानेही मला वेड्यात काढलं नाही."

मालतीकाकूंचं ते 'काहीतरीच तुमचं' आमच्या डेकपर्यंत ऐकू यायचं.

आमच्या गल्लीत वळलो तेव्हा काका उगाचच म्हणाले, "दिवाळीला चकल्या तळायच्या नाहीत. उकडू."

"हो का..." इतकं सवयीने तोंडातून गेलं. मग मी त्यांच्या दारापाशी गाडी थांबवली. "काहीतरीच तुमचं, काका! चकली कोणी उकडतं का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, पण आवाज चढला.

"का नाही? मालू कणकेच्या चकलीचं पीठ आधी वाफवायचीच!"

"पीठ वाफवणं वेगळं, चकली वाफवणं वेगळं."

"वेगळं म्हणजे? व्याख्या कर!"

आमचं चांगलंच जुंपलं. समोरचे शेजारी कुत्रा फिरवायला बाहेर पडले होते, ते आमचे हातवारे बघून थबकले. शेवटी काका डबा घेऊन उतरले, दोन पावलं गेले, परत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "तुझं साफ चुकतंय. उद्या चहाला ये, सिद्ध करतो."