साडेबावीस टक्क्यांची पेटी

कुपवाडला विष्णुपंतांच्या शेडमध्ये पंपाचे भाग तासले जात, आणि तिथं हवा फुकट मिळते असा चाळीस माणसांचा ठाम समज होता. कोपऱ्यातला कंप्रेसर हवा दाबून नळ्यांमधून शेडभर पाठवी. ती हवा यंत्रांसाठी होती. पण नळीच्या टोकाला हवा मारायची गन लावली की ती कशालाही चाले. सुटी झाली की माणसं एकमेकांच्या पाठीवर हवा मारून लोखंडाचा कीस उडवत. धुतलेले डबे हवेनं वाळवत. मोटारसायकली हवेनं लख्ख करत. एप्रिलातल्या दुपारी तर गन शर्टात सोडून दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचा रिवाजच होता. झाडलोटीच्या चंद्राबाईंनी खराटा कधीच अडगळीत टाकला होता. त्या कचरा हवेनं शेजारच्या शेडकडे रवाना करत.

हा सगळा भार ज्या कंप्रेसरवर होता तो तेवीस वर्षांचा होता, आणि त्या कंप्रेसरचा भार मेंटेनन्सच्या वीरधवल जगदाळेवर होता. गेल्या अकरा वर्षांत वीरधवल एका बारशातून, दोन साखरपुड्यांतून आणि सख्ख्या मेहुणीच्या हळदीतून उठून बेल्ट बदलायला आला होता. घरात काही कार्य ठरवायचं निघालं की त्याची बायको रेश्मा पाहुण्यांना सांगे, "तारीख धरताय खरं, पण आधी मशीनला इचारा." वीरधवल हसे, पण त्याला ते लागे.

म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं नवा कंप्रेसर चाचणीला ठेवायचं कबूल केलं, तेव्हा त्याला देव पावल्यासारखं झालं. अट सरळ होती. नव्या मशीननं विजेत पंधरा टक्के बचत करून दाखवली तर ते राहील, नाहीतर कंपनी ट्रक पाठवून घेऊन जाईल. विष्णुपंतांचा कंपनीवर विश्वास नव्हता आणि कंपनीचा विष्णुपंतांवर. त्यामुळे मोजमाप करून दाखला द्यायला दोघांनी मिळून विश्रामबागेतल्या भार्गवी आपटे या तिऱ्हाईत इंजिनिअर बाईंना नेमलं.

भार्गवीबाईंनी शेडच्या मधोमध खांबावर एक करडी पेटी लावली. आत मीटर, बाहेर तांबडा दिवा. मग त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "एक आठवडा जुनं मशीन चालेल, पुढचा आठवडा नवं. शंभर भाग तासायला किती युनिट वीज लागली, एवढंच मी बघणार. तुम्ही अगदी नेहमीसारखं काम करा."

आता, तपासणीला आलेलं माणूस ‘नेहमीसारखं वागा’ म्हणालं की काय करायचं, हे आपल्याकडे शाळेपासून शिकवलेलं असतं. साहेब येणार असले की नेहमीसारखं म्हणजे धुतलेला गणवेश आणि तेल लावून चापून बसवलेले केस.

बाई गेटबाहेर पडताच गुंडा हवालदारांनी माणसांना रांगेत उभं केलं. हवालदार कोरेगावकडचे, सतरा वर्षं फौजेत काढून शेडचे सुपरवायझर झालेले.

"ऐका रं! आठ दिस गनला कुणी हात लावायचा न्हाई. शेडची इज्जत हाय. बाईमाणूस बाहेरनं आल्यालं हाय, तिला आपली उधळमाधळ दिसता कामा नये. चंद्राबाई, खराटा काढा."

"आवं, त्येला वाळवी लागली आसंल."

"मग नवा घ्या."

वीरधवलनं हे थांबवायला हवं होतं. तो मेकॅनिक होता, त्याला समजायला हवं होतं. पण त्या रात्री तो स्वतःच सायकलची जुनी ट्यूब कापत बसला आणि सकाळी लवकर येऊन त्यानं नळ्यांच्या चौदा गळत्या रबर गुंडाळून बंद केल्या. पाहुणीला फुसफुस ऐकू येणं बरं दिसत नाही, एवढाच त्यामागचा विचार. शेड इतकी शांत झाली की विष्णुपंत दोनदा बाहेर येऊन लाइट गेली का म्हणून बघून गेले.

आठवडा संपला. नवं मशीन सुरू झालं. परीक्षेचा पेपर दिल्यावर पोरं जशी सुटतात तशी शेड सुटली. तपासणी झाली ती आपली. आता बचत करायचं काम मशीनचं, असा सरळ हिशोब होता. डबे वाळू लागले, रबरं तर दुसऱ्याच दिवशी सुटून पडली, आणि धुळा नावाच्या कामगारानं आठवडाभराचा उपास फेडावा तशी आपली मोटारसायकल आतून-बाहेरून हवेनं धुतली. चंद्राबाईंनी नवा खराटा घरी नेला.

निकाल ऐकायला वीरधवल इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये गेला. विष्णुपंत वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवत बसले होते.

"जुन्या मशीनवर शंभर भागांना एकतीस युनिट," भार्गवीबाई म्हणाल्या. "नव्यावर पस्तीस."

"म्हंजी बचत किती, मॅडम?"

"उणे तेरा टक्के."

"उणे म्हंजी थोडी कमी?"

"उणे म्हणजे उलटी. नवं मशीन वीज जास्त खातंय."

विष्णुपंतांनी डिंकाची बाटली बंद केली. "ट्रक कधी येईल म्हणतात?"

वीरधवलच्या डोळ्यांपुढे पुढची अकरा वर्षं उभी राहिली. मग त्याला ट्यूब आठवली. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं: गन, खराटा, चौदा रबरं. भार्गवीबाईंनी ते सगळं लिहून घेतलं. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या कागदावर हसण्यासाठी रकाना नसावा.

"मग पहिला आठवडा रद्द," त्या म्हणाल्या. "जुनं मशीन पुन्हा आठवडाभर चालवा. आणि या वेळी खरोखर नेहमीसारखं वागा. जेवढी उधळता तेवढीच उधळा."

हा निरोप वीरधवलनं हवालदारांना पोचवला. हवालदारांनी रात्रभर बसून त्याचं वेळापत्रक केलं. साडेनऊला कपडे झाडणे. दहाला डबे वाळवणे. अकराला गाड्या, नंबरप्रमाणे.

"हवालदार, धाला डबं भरल्यालं असत्यात की," धुळा म्हणाला.

"मग वरनं वाळवा."

"आन् माझी गाडी कालच पुसलीया."

"परत पुस. हुकूम हाय."

माणसं बिचारी मन लावून उधळत होती. घामाघूम होऊन उधळत होती. चंद्राबाई एकच कागदाचा कपटा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन परत आणत होत्या. तिसऱ्या दिवशी भार्गवीबाई अचानक आल्या, तर गेटबाहेर शेजारच्या तीन शेडमधल्या सतरा मोटारसायकली रांगेत उभ्या. फुकट धुलाई आहे असा पुकारा झाला होता. नेमका तेव्हा जुन्या कंप्रेसरचा बेल्ट तुटला आणि वीरधवल त्याच्या पोटात शिरलेला होता.

"मॅडम, आकडा काय म्हनतोय?" त्यानं आतूनच विचारलं.

"अठ्ठावन्न. म्हणजे नवं मशीन चाळीस टक्के बचत करतं."

"मग झालं की! द्या दाखला!"

"जगदाळे, तुम्ही रोज शेजाऱ्यांच्या गाड्या धुता का?"

वीरधवल तेलकट तोंडानं बाहेर आला. त्याला खोटं बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. पण बाईंनी पेन उघडून ठेवलं होतं, आणि उघडं पेन बघितलं की त्याला खोटं सुचत नसे.

"न्हाई," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला भार्गवीबाईंनी वेगळी युक्ती केली. सगळ्यांदेखत पेटी खांबावरून काढली, मोजमाप संपलं म्हणून चहा पिऊन निघून गेल्या, आणि गुपचूप दुसरं मीटर विष्णुपंतांच्या केबिनमागच्या पॅनेलमध्ये बसवलं. नवं मशीन तपासणीसाठी बंद आहे असं सांगून जुनंच सुरू ठेवलं. हे तिघांनाच ठाऊक होतं, आणि वीरधवलनं एकही गळती मुद्दाम मोठी करायची नाही अशी बाईंनी त्याला मुलीची शपथ घातली.

तो आठवडा वीरधवलनं कसा काढला ते त्यालाच माहीत. कुणी गन उचलली की त्याला उचंबळून येई, कुणी खाली ठेवली की काळजात कळ येई. जितकी हवा जास्त उडेल तितकं त्याचं नवं मशीन पक्कं होणार होतं, आणि तोंडातून चकार शब्द काढायची सोय नव्हती. त्यात मंगळवारी धुळा रजेचा अर्ज घेऊन आला.

"पावण्याचं लगीन हाय लोणंदला. चार दिस न्हाई येत."

"चार दिस?" वीरधवल किंचाळला. "लगनाला चार दिस लागत्यात व्हय रं? गड्या, तुजी गाडी कोन पुसनार?"

"गाडी घिऊनच चाललोय की."

धुळा गेला. शनिवारी आकडा आला चाळीस. नव्या मशीनचे पस्तीस. बचत साडेबारा टक्के.

"अडीच टक्क्यांनी गेलं," भार्गवीबाई केबिनमध्ये म्हणाल्या. त्यांचा आवाज या वेळी जरा मऊ होता.

"मॅडम, ते अडीच टक्के धुळ्याचं हायती. धुळ्याचं धरा की त्यात!"

"धुळाची वेगळी मोजणी केलेली नाही."

वीरधवल विष्णुपंतांकडे वळला. इतकी वर्षं न बोललेलं त्याच्या तोंडून निघालं. "मालक, आकडा ऱ्हाऊ द्या बाजूला. मी दमलोय. त्या जुन्या मशीनच्या पायात माझं घर दमलंय. राबवून घ्या, पर ह्येच्यातनं सोडवा."

विष्णुपंत खुर्चीत सरळ बसले. माणूस कंजूष होता, वाईट नव्हता. मग त्यांनी बाईंचा कागद पुढे ओढला. "भार्गवीबाई, जुनं मशीन नेहमीच्या वागण्यात चाळीस युनिट खातं. पण पहिल्या आठवड्यात, माणसं शहाण्यासारखी वागली तेव्हा, एकतीस. हे किती टक्के झाले?"

"साडेबावीस."

"म्हणजे नव्या मशीनपेक्षा जास्त. आणि वीरधवल, त्या आठवड्यात जुनं मशीन किती वेळा बंद पडलं?"

वीरधवलनं बोटांवर दिवस मोजले. त्या आठवड्यात तो रोज सहाला घरी गेला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. "एकदाबी न्हाई."

"झालं तर. रबराचं सोडा, गळत्या नीट काढून घ्या, सामानाला सही मी करतो. आणि माणसांना तसंच वागायला लावा."

"आवं, माणसं कशी वागतील? ती वागली मीटर हुतं म्हनून!"

"मीटर सोमवारी लोणंदच्या एका कारखान्यात लागणार आहे," भार्गवीबाई म्हणाल्या. "ते ठेवता येणार नाही."

"मीटर न्या," विष्णुपंत म्हणाले. "नुसती पेटी केवढ्याला द्याल?"

भार्गवीबाईंनी पेन मिटलं. चार आठवड्यांत त्या पहिल्यांदाच हसल्या.

नवं मशीन ट्रकमध्ये चढलं तेव्हा वीरधवलला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं रिकामी पेटी खांबावर चढवली आणि तांबड्या दिव्याला तार जोडली. तो दिवा महिन्याला दीड युनिट खातो. ते बाईंनी अहवालात प्रामाणिकपणे वजा केलं आहे. हवालदारांनी सकाळी पेटी बघितली आणि माणसांना रांगेत उभं केलं. चंद्राबाईंनी खराटा घरून परत आणला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, जुना कंप्रेसर म्हाताऱ्या बैलासारखा हळूहळू पण न अडता चालला. दिवाळीत रेश्माच्या भावाचा साखरपुडा झाला आणि वीरधवल पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढपात होता.

परवा एका शनिवारी सगळे गेल्यावर तो एकटाच शेडमध्ये राहिला होता. डोक्यापासून पायापर्यंत लोखंडाच्या किसानं भरलेला. मानेत टोचत होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, गन उचलली, मानेशी नेली. समोर तांबडा दिवा लागलेला होता.

"मोकळी हाय ती," तो मोठ्यानं म्हणाला. "मीच लावलीया."

मग गन आकड्याला अडकवून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि मान पुसत गेटकडे निघाला.