पप्पांचा सांगाडा

सीटखालच्या आडव्या नळीवर दोन भोकं असायला हवी होती. फार मोठी नाहीत, तांदळाचा दाणा जाईल एवढी, आणि दोन्हींमध्ये एका बोटाचं अंतर. एरॉलने नळीवरून अंगठा फिरवला, चष्मा पुसला, टॉर्च लावला. नळी सगळीकडून गुळगुळीत होती.

त्याच्या हातात प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट क्रिस्टोफरचं नवं पदक होतं. त्याच्या वडिलांनी, सिप्रियनपप्पांनी, मोटरसायकल घेतली त्याच दिवशी फादरांचा आशीर्वाद घेऊन असंच पदक सीटखाली रिव्हेट मारून बसवलं होतं. ते कधीच निखळून पडलं असणार, असं धरून एरॉलने हे आणलं होतं. पदक पडू शकतं. पण भोकं कुठे जातील?

"लुईझा," त्याने बायकोला हाक मारली, "पडवीत फरशी घातली तेव्हा गाड्या कोणी हलवल्या?"

"मी नि गवंड्याने. वाडीत ठेवल्या, परत आणल्या. का?"

"भिंतीकडची भिंतीकडेच ठेवलीस ना?"

लुईझा पिठाच्या हातांनी बाहेर आली. "दोन उघडे सांगाडे, दोघांना तोच लाल रंग. कपाळावर नाव लिहिलं होतं काय?"

नव्हतं. भिंतीकडची पप्पांची आणि दाराकडची बोळिंजच्या एका पार्किंगमधून सुट्या भागांसाठी उचलून आणलेली, एवढीच एरॉलची खूण. दोन्हींचे नंबर गंजाने खाल्ले होते. पप्पांचं इंजिन, टाकी, हँडल खाटेखाली जपून ठेवलेलं. फरशी झाल्यावर त्याने वर्षानुवर्षं खपून ते सगळं भिंतीकडच्या सांगाड्यावर चढवलं. आणि दाराकडचा...

"दाराकडचा तू सॅबीला दिलास," लुईझा हळूच म्हणाली.

 एरॉलने लगेच अर्नाळ्याला मेव्हण्याला, सेबेस्टियनला, फोन लावला.

"सॅबी, पप्पांचा सांगाडा कुठाय?"

कुंपणापलीकडे भाजी खुडणाऱ्या सालोमीमावशींनी झटकन क्रूसाची खूण केली.

"कोनाचा?"

"गाडीचा! तुला दिला तो!"

"हां, तो! ड्रममधे सिमेंट ओतून त्यात रोवला नि होडीचा नांगर केला. पान्यात हाय. मस्त काम देते, भावजी."

आवाज ऐकून शर्लिन बाहेर आली. पुढच्या रविवारी तिचं लग्न होतं. आजोबांच्या गाडीवरूनच चर्चला जाणार, हे तिने शाळेत असतानाच जाहीर केलं होतं. गाडी तयार झाली का, असं कोणीही विचारलं की एरॉलचं उत्तर ठरलेलं असे: "अजून थोडं बाकी आहे."

"म्हणजे डॅडी, मी बोळिंजच्या कुठल्यातरी अंकलच्या गाडीवर बसून लग्नाला जाऊ?"

ओहोटीला तिघंही अर्नाळ्याच्या ओल्या वाळूत उभी होती. कलंडलेल्या ड्रममधून सांगाड्याचा मागचा भाग तेवढा वर आला होता, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाने हात वर करावा तसा. सेबेस्टियनने कोयत्याने शिंपले खरवडले. दोन रिव्हेट. त्यांच्यामध्ये हिरवं पडलेलं पदक, जागच्या जागी.

एरॉल गुडघ्यांवर बसला. त्याने पदकावरून अंगठा फिरवला.

"फोडू या," तो शेवटी म्हणाला.

"फोडा की. मंग माझी होडी तुमच्या पडवीत बांधीन," सेबेस्टियन म्हणाला. "मागच्या वादळात सगल्यांच्या होड्या सरकल्या. माझी जाग्यावर. सिप्रियनकाकांनी धरून ठेवली."

"आणि हा बसवायचा तर ती गाडी पुन्हा सगळी खोलायची," लुईझा म्हणाली. "तयार होईल मग. शर्लिनच्या नातीच्या लग्नाला."

"डॅडी, इंजिन कोणाचं आहे?" शर्लिनने विचारलं.

"पप्पांचं."

"टाकी?"

"पप्पांचीच."

"हॉर्न?"

"तोही. शेळीसारखा ओरडतो तो त्यांचाच."

"मग बाकी काय राहिलं?"

सवयीने एरॉलचं तोंड उघडलं. 'अजून थोडं' जिभेवर येऊन थांबलं. पाणी परत फिरलं होतं. चपलांखालची वाळू सरकू लागली. त्याने खिशातलं नवं पदक काढलं, जुन्याशेजारी धरून पाहिलं, शर्टाला पुसलं आणि परत खिशात टाकलं.

"सॅबी, राहू दे तो इथेच. तुझं ड्रिल तेवढं दे, दोन भोकं पाडायचीत."

"आता आणि कशाला?" लुईझाने धसकून विचारलं.

एरॉलने शर्लिनकडे पाहिलं.

"गाडी तयार आहे," तो म्हणाला.