नीतीच्या तासाचे वतन कैसे राहिले

वाचकांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, शाळेत नीतिविचाराचा तास कैसा वाचला ते वर्तमान घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

नीतीच्या बाई सातवीच्या वर्गात आठवड्यातील एका तासाच्या वतनदार. मुलूख चाळीस मिनिटांचा, त्यावर गणिताच्या सरांची नजर गेली. परीक्षा तोंडावर आणि त्रिकोण शिकवणे बाकी, सबब सरांनी मुख्याध्यापकांपाशी दरखास्त गुदरली की, बरे-वाईट मुलांस घरी कळते, त्रिकोण घरी कळत नाहीत, तरी तो तास आम्हांस मिळावा. मुख्याध्यापकांचा हुकूम जाहला की आधी तास पाहू, मग निवाडा करू. आणि खासे आपण सरांसह मागल्या बाकावर तळ देऊन बसले.

बाईंनी टेबल चाचपले. टिपणे चष्म्यासह शिक्षकांच्या खोलीतच राहिली होती. मग उसने अवसान आणून त्यांनी फर्मावले की, कोणास काही विचारणे असल्यास विचारावे.

तोच वर्गात पहिली आलेली मुलगी उठली आणि कानांपर्यंत लाल होऊन बोलली, "बाई, एक मुलगी आहे, म्हणजे मी नाही. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात बेरीज चुकून तिला चार गुण जास्त मिळालेत. सांगितलं तर सरांची चूक उघडी पडते, नाही सांगितलं तर ती तिचीच चूक होते. मग तिनं कुणाची झाकायची?"

मागला बाक करकरला. वर्गाच्या दोन फौजा जाहल्या. एक म्हणे, गुण मागून घेतले नाहीत, गप्प राहावे. दुसरी म्हणे, मग दुसऱ्या नंबरावरचीने काय पाप केले? बाईंनी कोणाचीच बाजू न घेता इतकेच विचारले, "त्या मुलीच्या जागी सर असते तर?"

सर्व माना मागे वळल्या. सर उठले, आणि आपण सांगितलेच असते, मुलीने शिक्षकाची चूक झाकावी हे आपणास कदापि मंजूर नाही ऐसे बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, पण शिक्षकाचा मान? मग उभयतांत ऐसी जुंपली की घंटा कोणी ऐकली नाही, आणि पुढला गणिताचा तास आरंभापासून अखेरपर्यंत त्यातच कामी आला.

शेवटी त्या मुलीने आपला पेपर आणून सरांपुढे ठेवला. सरांनी चार गुण वजा केले, खाली 'चूक माझी' लिहून सही केली, आणि दरखास्त मागे घेतली.

येणेप्रमाणे वतन कायम जाहले, वर गणिताचा एक तास लुटीत आला. मुलगी पहिलीची दुसरी जाहली. नव्याने पहिली आलेल्या मैत्रिणीने त्या दिवशी तिचे दप्तर फाटकापर्यंत वाहिले, आणि बाईंनी ते खिडकीतून, चष्म्यावाचूनही, स्पष्ट पाहिले. फत्ते जाहली ती ऐसी.