नरगुंदे सरांचं नाक

नरगुंदे सर आमची हजेरी नाकाने घेत. सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून ते प्रत्येकाला हुंगत. तेल, अत्तर, पावडर, कशाचाही मागमूस लागला की, "एनप्पा इदु, काय हे! गर्भांना मारतोस काय?" म्हणून माणूस परत. एकदा माझ्या सदऱ्याला फोडणीचा वास आला, तर मला तासभर धारवाडच्या उन्हात वाळत घातलं. सुभाष रोडवरच्या न्हाव्याला मी तेल नको, पावडर नको म्हणालो, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "घरात सुतक आहे काय?"

हे गर्भ उंदरांचे. काचेच्या बशीत वाढणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आईबापांकडून आलेल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. गर्भाच्या पहिल्या दिवसांत त्यांतल्या बहुतेक पुसल्या जातात आणि नव्या उमटतात. ते कसं घडतं, हा सरांचा विषय. वासाच्या द्रव्यांनी गर्भ बिघडू शकतात, हेही खरं. पण सर बाहेरही तसेच. माझ्या प्रबंधाचं प्रकरण परत करताना म्हणत, "पाटी पुस! नव्यानं लिही." चहात साखर जास्त पडली तरी, "पाटी पुस!" म्हणजे दुसरा चहा. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. सरांनी मला हात धरून शिकवलं, हे विसरणार नाही. तरी कधीकधी ती पाटी त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटे.

खंडेनवमीला अळणावरकडच्या आमच्या गावाहून आई न सांगता आली. काखेत कोहळा, हातात उदबत्तीचा पुडा, अंबाड्यात शेवंती. मुलाच्या यंत्राची पूजा करायला! मला सर काहीही बोलोत. आईला हाकललं असतं, तर मी त्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

सरांनी हुंगलं. भुवया वर गेल्या. "अक्का, उदबत्ती इथं नको."

"मग यंत्र तसंच ऱ्हाऊ द्यायचं? नवमीला?"

सर घुटमळले. मग तिला खाली आपल्या जुन्या स्कूटरपाशी घेऊन गेले. "हेपण यंत्रच. याची करा."

आईने कुंकू लावलं, कोहळा फोडला. सर हात जोडून उभे.

"घरात बाईसाहेब करत न्हाईत व्हय?"

"घरी कुणी नाही, अक्का."

मग तिला वर आणून, बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर सरांनी आतला गर्भ दाखवला. चार गोल पेशी, एकमेकींना चिकटलेल्या. आई बराच वेळ बघत राहिली.

"ह्याची आई कुठं हाय?"

साध्या प्रश्नाला तासभर उत्तर देणारे सर एवढंच म्हणाले,

"इथं नाही, अक्का. मीच बघतो."

"आनि तुमी जेवलासा काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाही," ते म्हणाले. "सणाला खानावळ बंद असते."